उतारवय आणि चेहऱ्याची दुखापत

'तोंडघशी पडणे' हा वाक्प्रचार आपण फजितीच्या अर्थाने सहज वापरतो. परंतु आपल्या घरातील म्हातारी माणसे खरोखरच तोंडघशी पडतात, आणि पुढे त्यांच्या आयुष्याचे काय होते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. हाड सांधले, टाके निघाले, की माणूस बरा झाला असे आपण धरून चालतो.

तरुणपणी चेहऱ्याला मार बसतो तो बहुधा मोटारसायकलवरून पडून किंवा मारामारीत. साठीनंतर मात्र मुख्य कारण साधे पडणे हेच असते. ओली मोरी, उंच उंबरा, रात्रीचा अंधार, मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना येणारी भोवळ. तरुण माणूस पडता पडता हात पुढे टाकतो. म्हाताऱ्याचा हात वेळेवर पुढे येत नाही आणि चेहराच आधी जमिनीला लागतो. नाक, गालाचे हाड, खालचा जबडा यांना इजा होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर प्रकरण अधिक जपावे लागते, कारण डोक्याच्या आत होणारा रक्तस्राव कधीकधी दोनतीन आठवड्यांनी लक्षात येतो.

जबड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. दात पडले की दातांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते. काही वृद्धांचा खालचा जबडा झिजून पेन्सिलीएवढा बारीक होतो. त्याचा आतला रक्तपुरवठाही वयानुसार घटतो, म्हणून मोडलेले हाड लवकर सांधत नाही. शिवाय, दात असले तर वरचे आणि खालचे दात तारेने बांधून जबडा जागेवर ठेवता येतो. दातच नसतील तर तार बांधायची कशाला? यावर कवळीसारखा साचा बसविण्याची युक्ती निघाली. ती अमेरिकेतील दंतवैद्य टॉमस गनिंग यांच्या नावाने ओळखली जाते. (आता धातूच्या पट्ट्या व स्क्रू वापरतात.)

गनिंग यांचे एक रुग्ण इतिहासात प्रसिद्ध आहेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड ५ एप्रिल १८६५ रोजी घोडागाडीतून पडले व त्यांचा जबडा मोडला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. ते अंथरुणावर असतानाच १४ एप्रिलला, म्हणजे लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच रात्री, मारेकऱ्याने घरात शिरून त्यांच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. गनिंग यांनी कडक रबराचा साचा बसवून त्यांचा जबडा सांधला. सेवर्ड पुन्हा कामावर गेले, १८६७ मध्ये त्यांनी रशियाकडून अलास्का विकत घेण्याचा करार केला, आणि १८७०-७१ च्या जगप्रवासात ते हिंदुस्थानातही येऊन गेले.

हे वाचून उमेद वाटते खरी. पण सेवर्ड मंत्री होते, त्यांच्याकडे वैद्य घरी येत. आमच्या गावाहून तालुक्याला जायचे तर एस.टी.ची वाट पाहावी लागते.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी मोरीत घसरून पडली. जबड्याला तडा गेला. दवाखान्यात सांगितले, "या वयात ऑपरेशन कशाला? पातळ खायला घाला." तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण हाड फारसे सरकलेले नसेल तर असेच करतात. हाड सांधलेही. परंतु खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी जी नस असते, ती अशा वेळी दुखावू शकते आणि ओठ बधिर होतो, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. जुनी कवळीही आता बसेना. भाकरी सुटली आणि तिच्याबरोबर आजीचे वजनही उतरले. त्यात पुन्हा पडण्याची भीती. भीतीने माणूस हिंडेनासा होतो, न हिंडल्याने पाय कमजोर होतात, आणि कमजोर पायांचा माणूस पुन्हा पडतो.

'जीवनमान' म्हणजे पगार आणि घर, असे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र 'जीवनाची गुणवत्ता' म्हणजे माणसाला स्वतःला आपले जगणे कसे वाटते ते. ते विचारूनच कळते. वृद्धांच्या तोंडाच्या आरोग्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेत बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. गेल्या तीन महिन्यांत घास चावताना, गिळताना, बोलताना त्रास झाला का, लोकांत मिसळणे कमी केले का, असे तिचे स्वरूप आहे. क्ष-किरणाच्या चित्रात यांतले काहीच दिसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांतले काही प्रश्न आजीला आमच्या बोलीत विचारले. चावण्याबद्दल तिने फारशी तक्रार केली नाही. "लोकांपुढं जेवताना अवघडल्यावानी वाटतं का गं?" असे विचारल्यावर मात्र ती थोडा वेळ गप्प राहिली.

"ओठावरनं आमटी गळती आन् मला कळतच न्हाई बघ. लोकं बघत्यात. म्हून म्या पंगतीला जाईत न्हाई."

आम्ही घरचे समजत होतो की गुडघे दुखतात म्हणून ती लग्नाकार्याला येत नाही. आता ती ताटाशेजारी लहान आरसा ठेवून जेवते व मधूनमधून पदराने ओठ टिपते. घरात सर्वांबरोबर बसू लागली आहे. पंगतीला अजून येत नाही.