भरल्या घरातले भय

भयपटांत प्रेक्षकाला घाबरवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत शांत प्रसंगात एकाएकी मोठा आवाज होतो, पडद्यावर विद्रूप चेहरा झळकतो, प्रेक्षक दचकतो आणि लगेच हसून सावरतोही. दुसरीत असे काहीच घडत नाही, पण काहीतरी घडणार आहे ही जाणीव पहिल्या दृश्यापासून मनात मुरत जाते आणि चित्रपट संपल्यावरही ओसरत नाही. या दुसऱ्या पद्धतीच्या चित्रपटांना संथ किंवा वातावरणप्रधान भयपट म्हणतात. दचकणे ही शरीराची तत्काळ प्रतिक्रिया असते, तर धास्ती ही अपेक्षेतून येणारी मनाची अवस्था असते, आणि अपेक्षा धरायला मनाला अवधी लागतो. म्हणूनच या चित्रपटांचे मुख्य भांडवल वेळ हेच असते.

झाक तुर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’ (१९४२) या अमेरिकी चित्रपटात या दोन्ही पद्धतींचा सांधा एकाच प्रसंगात दिसतो. रात्रीच्या रस्त्यावरून एक स्त्री एकटी चालली आहे, मागून येणारी पावले मध्येच ऐकू येईनाशी होतात, ती एका दिव्याच्या उजेडातून दुसऱ्याच्या उजेडाकडे घाईने जाऊ लागते, आणि श्वापद गुरगुरावे तसा आवाज करत एक बस तिच्यापुढे येऊन थांबते. नंतरच्या असंख्य भयपटांनी या बसचा धक्का तेवढा उचलला. प्रत्यक्षात प्रसंगाची भीती त्याआधीच्या चालण्यात आहे, कारण या रस्त्यावर हिच्या मदतीला कोणी येणार नाही हे तोवर प्रेक्षकाला पटलेले असते. संकट केवढे आहे यापेक्षा, हाक मारली तर ओ देणारे कोणी आहे का, या प्रश्नाच्या उत्तरावर भीतीची तीव्रता ठरते.

हे एकटेपण पडद्यावर उभे करण्यासाठी दिग्दर्शकाकडे प्रामुख्याने तीन साधने असतात. पहिले दूरदृश्य, म्हणजे माणूस चौकटीत लहान आणि भोवतालची जागा मोठी दाखवणे. मोकळी जागा दिसली की तिथे काही हलते आहे का याचा शोध नजर आपणहून घेऊ लागते. दुसरे दीर्घदृश्य, म्हणजे न तोडता चालू ठेवलेले चित्रण. संकलनातला प्रत्येक छेद प्रेक्षकाला क्षणभर सुटका देत असतो, ती इथे नाकारली जाते. तिसरे आणि सर्वांत प्रभावी साधन ध्वनीचे असते. पंख्याची घरघर, पागोळ्या, दूरवरचे यंत्र असा सतत चालू राहणारा परिसरध्वनी थोड्याच वेळात कानाच्या अंगवळणी पडतो आणि तो थांबला की मगच त्याची उणीव जाणवते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे ५०० मेगावॅटचे संच अहोरात्र चालतात, तिथल्या वसाहतीतल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. घरघर चालू असते तोवर तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि ती थांबली की काय झाले म्हणून मन दचकते. ध्वनिसंयोजक याच सवयीचा उपयोग करतो: आधी एक खोल, मंद नाद प्रेक्षकाच्या कानात मुरवायचा आणि नेमक्या क्षणी तो काढून घ्यायचा. शिवाय खालच्या पट्टीतला नाद कोणत्या दिशेने येतो आहे हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे धोका सगळीकडूनच असल्याचा भास होतो.

साधने सर्वत्र सारखी असली, तरी एकटेपणाचा स्वभाव प्रदेशागणिक बदलतो. कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’ (२००१) या जपानी चित्रपटात इंटरनेटच्या वाटेने मृतात्मे जिवंतांच्या जगात येतात आणि शहर हळूहळू ओस पडत जाते. तिथले भय रिकाम्या खोल्यांचे आहे. मराठी भूमीवर घडणाऱ्या दोन उल्लेखनीय भयपटांत मात्र घर भरलेले आहे, चूल पेटलेली आहे, नाती शाबूत आहेत, आणि तरीही त्यातले माणूस पूर्णपणे एकटे आहे.

त्यांपैकी पहिला विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’. २०१७ मध्ये प्रदर्शित झालेल्या या मराठी चित्रपटात आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे नवऱ्याबरोबर शहर सोडते आणि उसाच्या फडाने वेढलेल्या एका घरात आसरा घेते. घरात तुळसाबाई (उषा नाईक) आहे, ती गरोदर बाईचे सगळे करते, खाऊपिऊ घालते, रीतभात सांगते. आणि तिच्या या आपुलकीनेच नेहाभोवतीचा फास आवळत जातो. चित्रपटाचा बराचसा भाग लख्ख उन्हात घडतो, ही त्याची सर्वांत धीट निवड आहे. मराठी लोकसमजुतीत तिन्हीसांजेइतकीच भर दुपारी बाराची वेळही वाईट मानली जाते, कारण तेव्हा शेते निर्मनुष्य होतात, वाटा सामसूम पडतात आणि माणसाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. पुरुषभर उंचीच्या उसात नजर चार हातांपलीकडे पोचत नाही, पाती एकमेकांवर घासत राहतात, आणि आत शिरलेल्याला आपण बाहेर चाललो आहोत की आणखी आत, हे कळत नाही. स्त्रीभ्रूणहत्या हा चित्रपटाचा विषय असल्याने हा फड निव्वळ नेपथ्य राहत नाही. बाहेरून हिरवेगार, भरभराटीचे दिसणारे गाव पोटात काय दडवून बसले आहे, ते तो सांगतो. रोमान पोलान्स्कीच्या ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) मध्येही गरोदर स्त्री काळजी घेणाऱ्या माणसांतच अडकते, पण तिथे ती माणसे बहुतांशी शेजारी आहेत. ‘लपाछपी’त सासर, वंश आणि मुलाचा हट्ट यांची परिचित चौकटच सापळा होते. फुरिया यांनीच या चित्रपटाची ‘छोरी’ (२०२१) ही हिंदी आवृत्ती केली.

दुसरा चित्रपट राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८). तो हिंदीत असला, तरी त्याचे घर कोकणातले आणि मूळ प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेची आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देते. १९१८ मध्ये घडणाऱ्या पहिल्या भागात लहान विनायकाची आई जखमी धाकट्या मुलाला घेऊन घराबाहेर पडते आणि साखळदंडाने जखडलेल्या भयंकर म्हातारीला जेवू घालण्याचे काम त्या पोरावर येऊन पडते. बाहेर कोसळणारा पाऊस, आत एक दिवा, आणि घरातले वडीलधारे माणूसच भक्षक. पडद्यावर घडते थोडे, पण एका मुलाचे पोरकेपण इतक्या नेमकेपणाने फार थोड्या चित्रपटांत उतरले आहे. ही म्हातारी मोहम्मद समद या बालनटाने रंगवली आहे, आणि तोच पुढे विनायकाचा मुलगा पांडुरंग होतो. छायालेखक पंकज कुमार यांनी ऐन पावसाळ्यात, अनेक वर्षांच्या टप्प्यांत चित्रण केले. ढगाळ, करडा उजेड आणि कधी न उघडणारे आभाळ यांमुळे काळ पुढे सरकतच नाही असे वाटते. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत देश बदलतो, घर मात्र एकाच लोभाशी जखडलेले राहते, आणि बाप मुलाला वारसा म्हणून तो लोभच शिकवतो.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ च्या एका निबंधात असे मांडले होते की, अगदी अनोळखी गोष्टीपेक्षा, जवळची आणि ओळखीची गोष्ट परकी होऊन समोर येते तेव्हा माणूस अधिक अस्वस्थ होतो. जेवण वाढणारी बाई, घरातली आजी आणि हात धरून नेणारा बाप यांच्या रूपाने हे दोन्ही चित्रपट तेच दाखवतात.

खान्देशच्या लोकजीवनातही एकटेपणाच्या या भयाचा एक जुना धागा आहे. मुंज झालेला, पण लग्नाआधीच मरण पावलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. घर नाही, संसार नाही, पितरांत जागा नाही, असा हा बहुधा मराठी कल्पनेतला सर्वांत एकाकी जीव. यावल तालुक्यातील अट्रावलला मात्र मुंजोबाची यात्रा भरते, म्हणजे समाजाने त्या भयाला देवपण देऊन गर्दीत आणून बसवले आहे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटाने याच कल्पनेचा विनोदी भयपट केला, आणि तो चालला. परंतु त्या मुलाचे एकटेपण हास्याच्या लाटेत बरेचसे वाहून गेले.

संथ भयपटाला लागणारी भूमी खान्देशात मुबलक आहे. रावेर-यावलकडच्या केळीबागांत भर दुपारीही हिरवट काळोख असतो, दोन ओळींपलीकडचे माणूस दिसत नाही, आणि वाळून लोंबणारी पाने वाऱ्यावर घासू लागली की कोणीतरी चालत येत असल्याचा भास होतो. अशा जागेला भुताची गरज नसते. तिथे कोणाला गप्प बसवले गेले आणि कोणाची हाक ऐकली गेली नाही, हे सांगणारी गोष्ट हवी असते. मराठी दिग्दर्शकांनी ती शोधावी. प्रेक्षकांनीही असे चित्रपट मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी किंवा पुढे ढकलत पाहू नयेत. चित्रगृहात, आणि ते शक्य नसेल तर अंधाऱ्या खोलीत आवाज नीट ऐकू येईल अशा रीतीने, एका बैठकीत पाहावेत. ज्या मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटते, तीच मिनिटे वगळली तर भयपट उरत नाही, केवळ त्याचे कथानक उरते.