टेन्शन: अकलोलीच्या कुंडापासून भिवंडीच्या मागापर्यंत

वज्रेश्वरीजवळ तानसा नदीकाठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं आहेत. ‘जरा टेन्शन उतरवू’ म्हणत पाण्यात पाय सोडणारी माणसं तिथे हमखास दिसतात.

मराठीत हे टेन्शन येतं, घेतलं जातं, दिलं जातं, वाढतंही. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा धीर तर घरोघरी रोजचाच. इंग्रजीत मात्र टेन्शन ‘घेत’ नाहीत; तिथे अशा वेळी काळजीसाठी ‘वरी’ किंवा ‘स्ट्रेस’ हे शब्द येतात. ‘घेणं’ ही खास आपल्याकडची भर, आणि ती फार नेमकी आहे. कारण घेतलेली गोष्ट खाली ठेवताही येते!

‘टेन्शन’ शब्दाचं मूळ लॅटिन ‘तेंदेरे’, म्हणजे ताणणं. संस्कृत ‘तन्’ धातू त्याच प्राचीन कुळातला. त्यातूनच तंतू आला, ताण आला. म्हणजे टेन्शन आणि ताण दूरचे भाऊच.

‘हाय टेन्शन’ तारेतलं टेन्शन वेगळं. ते विजेचा दाब सांगतं.

खराखुरा ताण दिसतो तो भिवंडीत, यंत्रमागांच्या शहरात. मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. त्यांचा ताण बेताचाच लागतो: जास्त झाला तर धागा तुटतो, कमी पडला तर कापड सैल विणलं जातं.