नाव, चिन्ह आणि मालकी

इतरांच्या पाट्या, माहितीपत्रके आणि बोधचिन्हे घडविणारे कलावंत स्वतःच्या कंपनीच्या ओळखीकडे मात्र सवडीने पाहतात. दोन-तीन मित्र एकत्र येऊन डिझाइनचा किंवा चित्रीकरणाचा व्यवसाय सुरू करतात. नाव घाईत ठरते, चिन्ह कोणीतरी ओळखीचा काढून देतो. पुढे भागीदार वेगळे झाले, की नावावर हक्क कोणाचा, हा वाद उभा राहतो.

ओळख कशी घडते, याचे उत्तम उदाहरण मराठीत आहे. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. नाव पहाटेचे आणि चिन्ह तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे. दोन्हींतून एकच अर्थ उमटत होता, नव्या दिवसाची वर्दी. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ यांसारख्या चित्रपटांनी त्या चिन्हाला वजन मिळवून दिले. कामाचा दर्जा टिकला, म्हणून तुतारी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली.

नव्या कंपनीने म्हणूनच प्रथम आपण कोणासाठी आणि कोणते काम करणार, हे एका वाक्यात लिहून काढावे. नाव, अक्षरवळण, रंग आणि पत्रव्यवहाराची भाषा त्या वाक्याशी सुसंगत असावी. गोव्यात पाटीवर देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपी येतात. त्यामुळे नाव दोन्हींत सुवाच्य हवे. मोबाइलवरील इवल्याशा वर्तुळात आणि एकाच रंगाच्या छपाईतही चिन्ह ओळखता आले पाहिजे.

त्यानंतर प्रश्न येतो कायद्याचा. केवळ ठिकाण किंवा कामाचे स्वरूप सांगणाऱ्या नावाला व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळणे कठीण असते. नाव पक्के करण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तसे नाव आधीच आहे का, हे विनामूल्य पाहता येते. वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत. जाहिरात ३५ व्या, चित्रपटनिर्मिती ४१ व्या, तर डिझाइन सेवा ४२ व्या वर्गात मोडते. नोंदणी १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. गोव्यातील अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.

बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती गोष्ट वेगळीच. बाहेरच्या कलाकाराकडून चिन्ह काढून घेतले आणि त्याला मोबदला दिला, तरी १९५७ च्या कायद्यानुसार त्याचा स्वामित्वहक्क सहसा त्या कलाकाराकडेच राहतो. तो कंपनीकडे येण्यासाठी लेखी, स्वाक्षरी केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत नमूद नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरताच मानला जातो.

भागीदारी करारातही नावाची मालकी आणि एखादा भागीदार बाहेर पडल्यास पुढे काय, हे स्पष्ट लिहावे. मैत्री शाबूत असते, तेव्हाच हा कागद सहज होतो.