बोटाची सूज अंगावर काढू नये
खेड तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत काटा रुतणे वा कोयती लागणे नित्याचेच असल्याने नखुरडे, म्हणजे नखाच्या कडेला धरलेला पू, बहुधा अंगावर काढले जाते. परंतु जंतू कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या, आवरणात शिरले, तर एक-दोन दिवसांतच बोट कायमचे आखडू शकते. शिकागोचे शल्यविशारद ॲलन कानावेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेली त्याची लक्षणे आजही प्रमाण मानली जातात: संपूर्ण बोट सुजणे, ते किंचित वाकलेले राहणे, कंडरेच्या रेषेवर दाबल्यास दुखणे आणि, विशेष महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्याने बोट सरळ करताच तीव्र कळ येणे. असे काही दिसल्यास, किंवा जखमेनंतर बोट वाकेनासे वा बधिर झाल्यास, हळदीच्या लेपावर न विसंबता त्याच दिवशी कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. बोटातील अंगठी मात्र सूज वाढण्यापूर्वीच काढून ठेवावी.