चार मिलिअँपिअरचा धडा

इन्स्ट्रुमेंटेशन विभाग किती वाढला हे पाहायचं, तर सरळ त्याच्या प्रोसेस कंट्रोलच्या प्रयोगशाळेत जावं. एका विद्यापीठातल्या अशा प्रयोगशाळेत भिंतीकडेला 3 ते 15 पीएसआय हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक कंट्रोलर आहे, शेजारी 4 ते 20 मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर, पुढे पीएलसी आणि शेवटी संगणकावर स्काडा. कारखाने ज्या क्रमाने बदलत गेले, तोच क्रम एका खोलीत मांडलेला.

आपल्या देशात हा विषय नवा नाही. मद्रासजवळ क्रोमपेटला 1949 साली निघालेल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमान, मोटार, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या बरोबरीने तो सुरुवातीपासून शिकवला गेला. ही संस्था 1978 साली अण्णा विद्यापीठात आली. महाराष्ट्रात पुणे, नांदेड इथेही या शाखेची पदवी मिळते.

मी गेलो तेव्हा प्रेशर ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन चाललं होतं. डेड वेट टेस्टरवर एक विद्यार्थिनी वजनं ठेवत होती. चाक फिरवून तिने तेलाचा दाब वाढवला, पिस्टन वर तरंगला, तशी तिने वजनांची चकती बोटांनी हलकेच फिरवली. चकती फिरती राहिली की पिस्टनचं घर्षण आड येत नाही. शून्याला 4 मिलिअँपिअर, अडीच किलोला 8, पाचला 12, साडेसातला 16, दहाला 20. मग वजनं उतरवताना पाचवर आकडा आला 12.04. चढताना तो 12.00 होता. हा फरक म्हणजे हिस्टेरिसिस. तो पुस्तकात व्याख्येपुरता असतो, इथे मीटरवर दिसतो.

शून्य दाबालाही 4 मिलिअँपिअर का, याचं उत्तर लॅब असिस्टंटने वायर काढून दिलं. मीटर खरोखरच्या शून्यावर आला. टाकी रिकामी आहे की वायर तुटली आहे, हे कंट्रोल रूममधल्या माणसाला यावरूनच ओळखता येतं.

एका सेटभोवती पाच जण असले, की एक जण चाक फिरवतो आणि चौघे रीडिंग उतरवून घेतात. म्हणून विभागप्रमुखांना विनंती: नवं सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण जुना न्यूमॅटिक बेंच भंगारात काढू नका, टेस्टर वाढवा आणि प्रत्येकाकडून एक तरी ट्रान्समीटर स्वतःच्या हाताने कॅलिब्रेट करून घ्या.