काटक माणसालाही हार्टचा धोका. वजनकाट्यापेक्षा ताटाकडे बघा

तानसा : ‘अंगाने काडी, त्याला कसला आलाय हार्टचा त्रास?’ शहापूर, मुरबाडच्या गावपाड्यांत हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं. हार्ट अटॅक म्हणजे शहरातल्या जाड्या माणसाचा आजार, असा समज अजून पक्का आहे. त्यामुळे शेतात, वीटभट्टीवर राबणारा काटक माणूस बीपी तपासायलाच जात नाही. दुसरीकडे ज्याला डॉक्टरांनी ‘जपून खा’ सांगितलं, तो एकदम जेवण तोडतो, भात सोडतो, अशक्त होतो आणि महिनाभरात कंटाळून पुन्हा पहिल्यासारखं खायला लागतो. दोन्हीकडे चूक एकच आहे. हृदयाचा हिशेब फक्त वजनकाट्यावर मांडला जातो.

बारीक दिसतो, पण आत चरबी

यावरचं महत्त्वाचं संशोधन आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं वजनाने लहान होती, मांस कमी होतं, पण त्या मानाने अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून चरबी, ही ठेवण जन्मापासूनच दिसली.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं होतं, दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. काटा सारखाच, आतली गोष्ट वेगळी.

म्हणूनच वजन कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, म्हणजे साधारण तिघांमागे एकाला. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोकं दुखलं तरच बीपी असतं, हाही गैरसमजच.

वजन तेवढंच, तरी बीपी उतरलं

वजन न घटवता नुसतं जेवण बदलून फायदा होतो का? होतो. अमेरिकेत १९९७ मध्ये ४५९ लोकांवर केलेला एक प्रयोग जगभर गाजला. एका गटाला आठ आठवडे भाज्या, फळं, कमी साईचं दूध आणि कमी चरबीचं जेवण दिलं. मीठ कमी केलं नाही आणि कोणाचं वजन बदलणार नाही अशी मुद्दाम काळजी घेतली. तरीही ज्यांचं बीपी आधी वाढलेलं होतं, त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ११ ने खाली आला. पुढच्या प्रयोगात मीठही कमी केलं, तेव्हा आणखी फरक पडला.

आपल्या तालुक्यांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. इथे एकाच घरात म्हाताऱ्याला बीपी आणि सुनेच्या अंगात रक्त कमी, असं चित्र असतं. अशा घरात ‘सगळ्यांनी कमी खा’ हा सल्ला उलटा पडतो. कमी खाण्यापेक्षा ताटातली वाटणी बदलणं हा खरा उपाय आहे.

भात सोडायची गरज नाही

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाच्या दिवसाच्या जेवणात साधारण ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य असावं. आपल्याकडे बहुतेक ताटांत भाताचा डोंगर आणि बाजूला चमचाभर कालवण असतं. तिथूनच सुरुवात करता येते.

- भात थोडा कमी, डाळ-उसळ जास्त. वाल, चवळी, तूर, उडीद, कुळीथ हे आपल्या घरचंच पीक. कुळथाचं पिठलं किंवा चवळीची उसळ रोज एका वेळेला तरी असावी.
- तांदूळ फार पॉलिश नको. गिरणीवर भात भरडताना कमी पॉलिश करायला सांगा. कोंड्यासोबत तांदळाचा कसही निघून जातो.
- नाचणी, वरी परत ताटात. वरकस जमिनीवरचं हे धान्य घरात पिकतं आणि विकलं जातं, आणि त्या पैशातून मैद्याची बिस्किटं येतात. हा सौदा तोट्याचा आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी करा.
- रानभाजी ही गरिबीची खूण नाही. पावसाळ्यात बाजारात येणारा टाकळा, कुरडू, भारंगी, कवळा, शेवळं ही हृदयाला मानवणारी भाजी आहे. काकड घालून शेवळाची खाज मारायची, भारंगी उकडून पाणी टाकायचं, हे घरातल्या आजीला पाठ असतं. फक्त फोडणीत तेलाचा हात आखडता ठेवा. पावसाळा सरला की माठ, शेवग्याचा पाला, भेंडी, दुधी आहेच.

जो दिवसभर अंगमेहनत करतो, त्याने पोटाला चिमटा काढू नये. त्याला भाकरी लागतेच. बदल जोडीला काय आहे, यात करायचा.

मीठ मोजायची सोपी युक्ती

एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे एक लहान सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. पाच जणांच्या घराचा हिशेब महिन्याला पाऊण किलो होतो. किलोची पिशवी महिन्याच्या आतच संपत असेल, तर मीठ जास्त जातंय हे नक्की. लहान मुलांना तर याहून कमी लागतं.

सुकी मासळी बंद करायला नको, ती गरिबाघरची प्रथिनं आहेत. पण खारवलेली मासळी आधी पाण्यात भिजवा, ते पाणी टाका आणि कालवणात वरून मीठ घालू नका. जवळा, बोंबीलही धुऊन घ्या. ताटात वरून मीठ घ्यायची सवय मोडा. सैंधव मीठ हेही मीठच आहे, ते चालतं असं समजू नका. ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ मात्र किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

तेल किती, कोणतं?

माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर तेल पुरतं. पाच जणांच्या घरात अडीच ते पावणेचार लिटर. शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन अशी तेलं आलटून पालटून वापरा. पाम तेलात घट्ट चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ते रोजचं नको. वनस्पती तूप टाळलेलंच बरं.

एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवणं घातक. हायवेवरच्या गाडीवरचं काळं पडलेलं तेल दिसलं तर वडा तिथेच सोडा. घरात उरलेलं तेल एखाद-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा, परत तळणीला नको. मुलांच्या हातातलं पाच-दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट म्हणजे मीठ, तेल आणि मैदा. त्याच पैशात मूठभर शेंगदाणे किंवा केळं येतं. दिवसाला चार-पाच कप साखरेचा चहा होत असेल, तर आधी साखर अर्धी करा, मग कप.

ताटापलीकडचं

तंबाखू, मशेरी, विडी चालू ठेवून नुसती नाचणी खाल्ली तर हृदय वाचत नाही. तंबाखू सोडणं हे पहिलं औषध. दारूनेही बीपी वाढतं.

वजनाऐवजी कमरेचा घेर बघा. बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला, तर तपासणी करून घ्या. ३० वर्षांपुढच्यांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात ही नोंद असते. बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आहेच. सुरू असलेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करू नका. जेवण सुधारल्यावर बीपी उतरलं, तर गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर खूश होऊ नका. त्यामागे शुगर किंवा टीबी असू शकतो. लगेच दाखवा.

गॅस समजून वेळ घालवू नका

छातीत दाब, जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांपैकी काही झालं तर सोडा पिऊन, छाती चोळून वाट बघू नका. बायकांना आणि शुगर असलेल्यांना कधी कधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं. १०८ ला फोन करा, रुग्णाला चालवू नका. पाड्यावर गाडी यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्याकडे निघा आणि फोन चालू ठेवा. बारीक आहे म्हणून हार्ट नसेल, असं म्हणत घालवलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो.