शालामोव यांचं तुटलेलं शिक्षण

रशियन लेखक वार्लाम शालामोव १९२६ साली मॉस्को विद्यापीठात कायदा शिकायला आले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. वडील वोलोग्दा शहरातले धर्मगुरू. क्रांतीनंतरच्या रशियात धर्मगुरूच्या मुलाला उच्च शिक्षणाचे दरवाजे जवळजवळ बंदच असत. त्यामुळे शालामोव यांनी आधी मॉस्कोजवळ कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम केलं आणि विद्यापीठात वडिलांचा पेशा लपवला. १९२८ मध्ये तो उघडकीला आला आणि त्यांचं नाव पटावरून कमी झालं.

तोवर ते स्टालिनविरोधी विद्यार्थ्यांमध्ये मिसळले होते. १९ फेब्रुवारी १९२९ रोजी मॉस्कोतल्या एका गुप्त छापखान्यात पोलिसांनी त्यांना पकडलं. तिथे लेनिन यांचं तथाकथित मृत्युपत्र छापलं जात होतं. स्टालिन यांना सरचिटणीसपदावरून दूर करावं, असं लेनिन यांनी त्यात सुचवलं होतं. शिक्षा झाली तीन वर्षांची, उत्तर उरलमधल्या विशेरा छावणीत.

जानेवारी १९३७ मध्ये पुन्हा अटक झाली आणि रवानगी ईशान्य रशियातल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणींवर. कलमाचं संक्षिप्त नाव ‘केआरटीडी’. त्यातला ‘टी’ ट्रॉट्स्कीवादाचा, म्हणजे स्टालिन यांचे प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की यांना मानण्याचा, आणि ते एक अक्षर कैद्याला सर्वांत कष्टाच्या कामाला जुंपायला पुरेसं होतं. तिथल्या थंडीचं वर्णन त्यांच्या ‘सुतार’ या कथेत आहे. कैद्यांना थर्मामीटर दाखवत नसत. धुकं गोठलं की उणे चाळीस. श्वासाचा आवाज येऊन धाप लागली की उणे पन्नास. थुंकी हवेतच गोठली की उणे पंचावन्नच्याही खाली.

१९४३ मध्ये इव्हान बुनिन यांना अभिजात रशियन लेखक म्हटल्याबद्दल आणखी दहा वर्षं वाढली. बुनिन देश सोडून गेलेले नोबेलविजेते. पण या नव्या शिक्षेचं कलम साध्या ‘प्रचारा’चं होतं, त्यात ‘टी’ नव्हता. म्हणूनच १९४६ साली मगदानजवळच्या रुग्णालयात फेल्डशर, म्हणजे वैद्यकीय सहायक, होण्याच्या अभ्यासक्रमाला ते बसू शकले. आंद्रेई पांत्युखोव या कैदी डॉक्टरांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. ‘परीक्षा’ या कथेत निवेदकाला रसायनशास्त्रातलं काहीच सांगता येत नाही. त्याच्या शाळेतल्या रसायनाच्या शिक्षकांना यादवी युद्धात गोळ्या घातलेल्या असतात. शिक्षक मारले की विद्यार्थ्याचं शिक्षण किती दूरवर तुटतं, ते या उदाहरणातून थेट दिसतं.

या अभ्यासक्रमानं त्यांचा जीव वाचवला. पुढे सुटकेपर्यंत ते फेल्डशर म्हणून काम करत राहिले. १९५३ मध्ये ते मॉस्कोकडे परतले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं ‘कोलिमा कथा’ लिहीत राहिले. हा संग्रह १९७८ साली लंडनमध्ये रशियन भाषेत निघाला. जानेवारी १९८२ मध्ये ते वारले, तोवर मायदेशी हा संग्रह छापला गेला नव्हता.

‘छावणी हेच त्यांचं विद्यापीठ’ असं म्हणण्याचा मोह आवरायला हवा. छावणीतून माणूस चांगलं काही शिकत नाही, तिथला एक तासही कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं शालामोव ठामपणे मांडत आले. त्यांना तगवलं ते दुःखानं नव्हे, तर स्वतः कैदी असूनही शिकवणाऱ्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी. १९२९ च्या खटल्यातून त्यांचं नाव निर्दोष ठरायला २००० साल उजाडलं. ज्या विद्यार्थ्यांनी पुढे कथा लिहिल्या नाहीत, त्यांचं तुटलेलं शिक्षणही याच हिशेबात धरलं पाहिजे.